पाण्याखाली हात आवरा

भाईंदरजवळच्या पालीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला समुद्राचा तळ कधी दिसत नाही. उल्हास नदीचा गाळ वसईच्या खाडीतून इथे येतो आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत. माझे वडील, काका, दोन्ही मामा जन्मभर डोल जाळी टाकत आले. बोंबील वलांडीवर कसा अडकवायचा, जवळा उन्हात किती पातळ पसरायचा, पापलेटचा डोळा बघून ते कालचं की आजचं हे कसं ओळखायचं, हे घरात लहान मुलालाही ठाऊक होतं. पण मासा पाण्यात राहतो कसा, झोपतो कुठे, शेजाऱ्यावर धावून कधी जातो, हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. मासा म्हणजे जाळ्यातून वर आलेला मासा, एवढीच आमची ओळख.

जिवंत पाकट मी पहिल्यांदा पाहिला तो एकोणतिसाव्या वर्षी, इजिप्तच्या लाल समुद्रात. तोवर जहाजावरची नोकरी लागली होती, तारकर्लीला डायव्हिंगचे धडे घेऊन झाले होते, आणि सुट्टी मिळाली की साठवलेले पैसे घेऊन मी पाण्याखाली जात होतो. बारा-तेरा मीटर खोलीवर, पांढऱ्या वाळूत, निळ्या ठिपक्यांचा तो पाकट पडला होता. डोळ्यांमागची दोन भोकं उघडत होती, मिटत होती. तो श्वास घेत होता. आमच्या घरी सुका पाकट वर्षभर डब्यात असतो. त्या दिवशी मी त्याच्यासमोर गुडघ्यांएवढ्या उंचीवर तरंगत किती वेळ थांबलो ते मला आठवत नाही, शेवटी सोबतच्या माणसाने माझ्या टाकीवर टकटक केली.

हे सांगतोय कारण अलीकडे मिरा-भाईंदरमधून, आमच्या पाली-चौक-उत्तनमधूनसुद्धा, बरीच कुटुंबं थायलंड, बाली, मालदीव, अंदमानला जातात. टूरमध्ये स्नॉर्कलिंग असतं, एखाद्या दिवशी स्कूबाही असतं. निघण्याआधी शेजारीपाजारी मला गाठतात. कॅमेरा कुठला घेऊ, मास्क इथूनच नेऊ का, मुशी चावते का, असं विचारतात. सगळ्यांची उत्तरं मी देतो, पण माझी खरी विनंती एकच आहे आणि ती मी आज लिहून ठेवतो. पाण्याखाली हात आवरा. हात लावू नका, हाताने काही भरवू नका, हातात काही घेऊन वर येऊ नका.

माझ्या हातून जे झालं ते आधी सांगतो. फिलिपिन्समध्ये सेबू बेटावर ओस्लोब नावाचं कोळ्यांचं गाव आहे. २०११ च्या सुमारास तिथल्या मच्छीमारांनी व्हेल शार्कना रोज खाऊ घालायला सुरुवात केली आणि बघता बघता जगभरचे लोक तिथे येऊ लागले. व्हेल शार्क म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, आपल्या बसपेक्षा लांब होऊ शकतो, आणि खातो मात्र डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. मी पहाटे रांगेत उभा राहिलो, पैसे भरले, पाण्यात उतरलो. छोट्या होडीतला माणूस मुठी भरभरून काहीतरी पाण्यात टाकत होता आणि तो एवढा मोठा मासा तोंड वासून, अंग उभं करून, होडीमागे फिरत होता. टाकलं जात होतं ते मी तळहातावर घेऊन पाहिलं. आपल्या जवळ्यासारखीच बारीक कोळंबी. माझ्या आईने उन्हात पसरलेला तो जवळा मला तिथे आठवला आणि मला फार आनंद झाला. मी फोटो काढले. पालीत आल्यावर घरोघरी दाखवले.

त्या फोटोंत शार्कच्या पाठीवर आणि ओठांवर पांढरे ओरखडे दिसत होते. मला ते ठिपके वाटले. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यावरून संशोधक एकेकाला ओळखतात. ओस्लोबच्या शार्कची अशी वर्षानुवर्षं नोंद ठेवली तेव्हा दिसलं की बहुतेकांच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत. ज्या माशाने समुद्र फिरायचा, तो काही वेळा महिनोन्‌महिने तिथेच थांबतो. होडी म्हणजे खाणं असं एकदा डोक्यात बसलं की तो दुसऱ्या होडीजवळही जातो, आणि दुसऱ्या होडीला पंखा असतो. हे मी नंतर वाचलं. ते फोटो आता मी कोणाला दाखवत नाही.

त्या गावाला नावं ठेवायला माझं मन धजत नाही. जाळ्यात काही येत नाही अशा दिवशी घरात काय शिजतं ते कोळ्याच्या मुलाला सांगावं लागत नाही. त्या पैशांतून तिथे घरं उभी राहिली, पोरं शाळेत गेली. पण पैसे देऊन मागणी करणारे आपण आहोत. आपण खाऊ घालणाऱ्या होडीऐवजी वाट बघणाऱ्या होडीत बसलो तर तेच कोळी वाट बघायला शिकतील.

आणि वाट बघणारी होडी त्याच देशात आहे. लुझोन बेटावरच्या डोन्सोल गावात १९९८ पासून व्हेल शार्क दाखवतात, तिथे भरवणं नाही. होडीच्या टोकावर उभा राहून एक माणूस पाण्यावर सावली शोधतो. दिसली की मोजकीच माणसं उतरतात. अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, फ्लॅश लावायचा नाही, टाकी नाही, फक्त स्नॉर्कल. पहिला दिवस माझा कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गढूळ, हिरव्या पाण्यातून, अगदी आपल्या पालीच्या पाण्यासारख्या पाण्यातून, एक भिंत पुढे सरकत आली. चाळीस सेकंद दिसली असेल. त्या व्हेल शार्कने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही, आणि माझ्या सगळ्या डायव्हिंगमधली ती मला सर्वात जवळची आठवण आहे.

तुम्ही कुठेही जा, बुकिंग करताना विचारा: प्राण्यांना खाऊ घालता का? हो म्हणाले तर दुसरीकडे जा. ब्रेडचा तुकडासुद्धा नको. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला गेलेल्या लोकांना मी बिस्किटं चुरताना पाहिलंय. रंगीत मासे धावत येतात, मुलं हसतात, सगळं खरं. पण शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणं हे त्यातल्या कित्येक माशांचं रोजचं काम असतं. पिठाने पोट भरलं की ते काम राहतं. मालवणचं ते पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, एवढं तरी उतरताना लक्षात असू द्या.

आता हात लावण्याबद्दल. प्रवाळ दगडासारखं दिसतं म्हणून लोक त्यावर उभे राहतात, पकडून तोल सावरतात. ते दगड नव्हे. वरच्या पातळ थरात हजारो जीव राहतात आणि खालचा चुना त्यांनीच रचलेला असतो. गोल, डोंगरासारखं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे तुमच्या गुडघ्याएवढा गोळा तुमच्या वयाचा असू शकतो. पायातल्या फिनचा एक फटका त्याला पुरतो. म्हणून तोल राखायला शिकल्याशिवाय प्रवाळाजवळ जाऊच नका, वाळूवर सराव करा. माझे शिक्षक हात छातीवर बांधून पोहायला लावायचे. तेव्हा कंटाळा यायचा. आज मी नवीन माणसाला पहिली तीच सवय लावतो.

कासव दिसलं की त्याच्या मागे पोहू नका. ते आपल्यासारखंच हवा घेतं. निवांत पडलेलं कासव तासन्‌तास खाली राहू शकतं, पण घाबरून पळणाऱ्या कासवाला काही मिनिटांत वर यावं लागतं. वर येण्याची त्याची वाट तुम्ही अडवली तर ते कुठे जाईल? तुम्ही स्थिर राहिलात तर ते स्वतःहून जवळून जातं. बालीजवळ नुसा पेनिडाला एक हिरवं कासव माझ्यापासून हातभर अंतरावर प्रवाळावरचं शेवाळ कुरतडत बसलं होतं, कारण मी दहा मिनिटं हललो नव्हतो.

मुशीबद्दल, म्हणजे शार्कबद्दल, सगळे विचारतात म्हणून सांगतो. मालदीवने २०१० मध्ये मुशी मारायला पूर्ण बंदी केली आणि तिथे डायव्हिंगला गेलात की ती दिसतेच. ती तुमच्यासाठी आलेली नसते. ती जाते, तुम्ही बघता. मला खरी भीती वाटली ती टायटन ट्रिगरफिश नावाच्या हातभर माशाची. अंड्यांवर बसलेली मादी चावायला येते आणि जोरात चावते. तिची हद्द घरट्यापासून वर वर रुंद होत जाते, म्हणून घाबरून सरळ वर पळाल तर तिच्याच हद्दीत राहाल. आडवं पोहत लांब जा, तोंड तिच्याकडे, फिन मध्ये. आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश पायाखाली आला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून डॉक्टरांकडे धावा. वाळूतल्या दगडाला हात लावू नका हे सांगण्यामागे तुमचाही जीव आहे.

जिवाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे आपली माणसं फार निष्काळजी असतात.

दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. दहा मीटरवर तुमच्या फुफ्फुसात भरलेली हवा, श्वास रोखून वर आलात, तर पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुफ्फुस फाटायला एवढं पुरतं. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. वर येताना सावकाश, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. कान दर मीटरला मोकळे करायचे. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधीच. आमच्या आळीतला एक तरुण सर्दी असताना उतरला. पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे, म्हणाला. कानाचा पडदा फाटला. त्याला तीन महिने पोहता आलं नाही. सर्दी असेल तर पैसे बुडू द्या.

दमा, हृदयविकार, फिट येणं, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन झालेलं असणं: आरोग्याचा फॉर्म भरताना यातलं काहीही लपवू नका. पोरंबाळं सोबत असली की बापमाणूस सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहितो आणि सही करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्याला पोहता येत नाही त्याने जॅकेट घालून स्नॉर्कल करावं, त्यात काही कमीपणा नाही, हनिफारूला तर मान्टा पाकट बघायला टाकी घेऊन उतरूच देत नाहीत. मालदीवच्या बा प्रवाळद्वीपातला तो उपसागर आहे. तिथे पावसाळ्यात मान्टा शेकड्यांनी जेवायला गोळा होतात, आणि सगळे स्नॉर्कलनेच बघतात. डायव्हिंगला कुठेही एका शिक्षकामागे चारहून जास्त नवशिके असतील तर उतरू नका. मास्क तोंडाला लावून, नाकाने श्वास ओढून तो चिकटतो का ते किनाऱ्यावरच पाहा.

एक चूक टूरवाल्या वेळापत्रकात बांधलेलीच असते. शेवटच्या दिवशी सकाळी डायव्हिंग आणि रात्री विमान. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. एकापेक्षा जास्त वेळा उतरला असाल तर विमान आणि शेवटचं डायव्हिंग यांत किमान १८ तास ठेवा. डायव्हिंग पहिल्या दिवसांत घ्या, बाजारहाट शेवटी.

आणि बाजारहाटात शंख, प्रवाळाचे तुकडे, वाळवलेला समुद्रघोडा, कासवाच्या पाठीच्या बांगड्या विकत घेऊ नका. ‘आमच्याकडे चालतं’ असं दुकानदार म्हणेल. २००१ मध्ये आपल्या देशात प्रवाळ आणि समुद्रघोडा वाघाच्या बरोबरीने कायद्याच्या पहिल्या सूचीत आले, आणि परदेशातून परवान्याशिवाय आणलेल्या प्रवाळासाठी कस्टम तुम्हाला थांबवू शकतं. कायद्याचं राहू द्या. रिकामा शंख घरात शोभेला असतो, पाण्यात तो खेकड्याचं घर असतो. संन्यासी खेकडा मोठा झाला की त्याला मोठं घर लागतं, आणि आपण ते दिवाणखान्यात ठेवलेलं असतं.

अंगाला लावायच्या सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून पलाऊ या देशाने २०२० मध्ये सर्वत्र आणि थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी उद्यानांत त्यांच्यावर बंदी घातली. मला विचाराल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. आपल्या कोळणी उन्हात डोक्यावर पदर घेतात तो शहाणपणाच आहे.

पलाऊचं अजून एक सांगतो. पॅसिफिक महासागरातला हा देश, वस्ती १८ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या भाईंदरच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. २०१७ च्या डिसेंबरपासून तिथे उतरताना पासपोर्टवर एक शपथ छापतात आणि प्रत्येक पाहुण्याला तिच्याखाली सही करावी लागते. ती शपथ सरकारला उद्देशून नाही, त्या बेटांवरच्या मुलांना उद्देशून आहे. मी तिथे गेलेलो नाही. पण कोणत्याही पाण्यात उतरण्याआधी मी मनातल्या मनात तशी सही करतो, आणि तुम्हीही करावी असं मला मनापासून वाटतं. माणसं आवरली नाहीत की काय होतं तेही सांगतो: थायलंडच्या माया बे नावाच्या छोट्या किनाऱ्यावर दिवसाला पाच हजार माणसं उतरू लागली तेव्हा तो २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि २०२२ च्या जानेवारीत उघडला. मधल्या काळात काळ्या टोकाच्या मुशी उथळ पाण्यात परतल्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. माणसं नव्हती, एवढंच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. कासवाला परदेश नसतो. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवला, नाव ठेवलं बागेश्री. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे निघाली. आणि २०२१ मध्ये ओडिशात टॅग केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. म्हणजे श्रीलंकेत तुम्ही पाण्याखाली जिच्यामागे फोटोसाठी धावाल, ती कदाचित कोकणातली असेल.

म्हणून माझं शेवटचं मागणं माझ्या गावाकडे आहे, पालीच्या नाखवांकडे आणि खलाशांकडे: जाळ्यात असा जीव आला तर त्याला सोडून द्या. गुजरातेत सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकेकाळी व्हेल शार्क तेलासाठी मारत. ते तेल होड्यांच्या लाकडाला लावत. २००१ मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, २००४ मध्ये कथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, आणि तिला व्हाली, म्हणजे लाडकी, म्हणू लागले. तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरपासून, जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, म्हणून कापण्याआधी एकाने मोबाईल धरावा. मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि कांदळवन कक्षाकडे अर्ज करायचा. किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर वन विभागाचा १९२६ हा नंबर लावा, पुन्हा पाण्यात ढकलू नका.

गेल्या हंगामात मी मामाच्या पोराच्या बोटीवर होतो. उधाणाचे दिवस, पहाटेचा डोल वर आला. बोंबील, थोडी करंदी, प्लास्टिकच्या पिशव्या, दुसऱ्या कोणाच्या तरी जाळ्याचा तुकडा, आणि त्या सगळ्याखाली एक ऑलिव्ह रिडले, मान टाकलेली. एक खलाशी तिला उचलून टाकायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. पाण्यात कोंडलेलं कासव मेल्यासारखं पडतं, पण पुष्कळदा मेलेलं नसतं. तसंच टाकलं तर मात्र बुडून मरतं. आम्ही तिला पोटावर ठेवलं, मागची बाजू फळीवर वीतभर उंच केली म्हणजे फुफ्फुसातलं पाणी निघेल, आणि वर ओलं गोणपाट टाकलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. मामाचा पोरगा एवढंच म्हणाला, ‘दादा, हिला सावलीत घे.’

ऊन वर आलं. आम्ही मासळी निवडत होतो. दर थोड्या वेळाने कोणीतरी जाऊन गोणपाटावर पाणी मारत होता, सांगावं लागत नव्हतं. बोट पालीच्या बंदरात शिरायला निघाली आणि तांडेलाने इंजिन मंद केलं, तेव्हा गोणपाट हललं. तिने मान वर केली आणि जोरात श्वास सोडला. आम्ही बोट पुन्हा बाहेरच्या पाण्याकडे वळवली.